स्वतःच छापून स्वतःच विकतोय, पुस्तकं बऱ्यापैकी खपतात, नोकरी सोडू का?

भांडुपवाला
नमस्कार मंडळी. भांडुपला राहतो, एका लॉजिस्टिक्स कंपनीत आहे, आणि गेल्या पाच वर्षांत तीन रहस्यकथा स्वतःच्या पैशाने छापल्यात. गेल्या वर्षी तिन्ही मिळून १९०० प्रती गेल्या. किंमत २५०. त्यातल्या ८०० मी स्वतः फेसबुक-व्हॉट्सॲपवरून विकल्या, २२० ला, पोस्टेज माझं. उरलेल्या ११०० दुकानांतून, तिथे कमिशन ४० टक्के म्हणजे माझ्या हातात १५०, आणि त्यातलेही साठेक हजार अजून यायचेत, एक विक्रेता दिवाळीपासून "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणतोय. छपाई ७५ रुपये प्रत, पाकीट आणि पोस्ट मिळून ४५. किंडलचे महिन्याला अडीच-तीन हजार येतात. सगळं जाऊन वर्षाला सव्वा लाखाच्या थोडं वर हातात आलं. घराचा हप्ता २८ हजार आहे, बायको शाळेत शिकवते.
पूर्णवेळ लिहिलं तर वर्षाला दोन पुस्तकं सहज होतील असं वाटतं. इथे कोणी खरंच असं जगतंय का? छंद म्हणून करा असं सांगणारे घरात भरपूर आहेत, ते सोडून बोला.

चहा_कटिंग
मराठीत लेखक म्हणून जगायला सासुरवाडी श्रीमंत लागते. बाकी शुभेच्छा.

शाईपेन
मी जगतेय. २०१९ ला नोकरी सोडली, डोंबिवलीत राहते, चौथं पुस्तक सध्या प्रेसमध्ये आहे. पण खरं सांगते, माझ्या नावाच्या पुस्तकांवर माझं वर्षातले जेमतेम पाच महिने भागतं. उरलेले महिने मी दुसऱ्यांची आत्मचरित्रं लिहिते. एखादे आजोबा पंच्याहत्तरीला येतात, मुलांना अमृतमहोत्सवाला पुस्तक काढायचं असतं, हॉल बुक झालेला असतो, पाहुणे ठरलेले असतात, फक्त पुस्तक तेवढं लिहायचं राहिलेलं असतं. मग मी आठ-दहा वेळा त्यांच्या घरी जाते, फोनवर रेकॉर्डिंग चालू करते, ते गावची शाळा, मुंबईत आल्यावर चाळीतली पहिली खोली, गिरणीचा संप असं सांगत जातात, मध्येच आजी आतून ओरडतात की असं काही झालं नव्हतं, आणि बऱ्याचदा आजींचंच खरं असतं. २०० पानं, ३०० प्रती, कार्यक्रमात शाल-श्रीफळाबरोबर फुकट वाटायच्या. मला दीड लाखापर्यंत मिळतात, निम्मे आगाऊ घेते. आगाऊ घेतल्याशिवाय एक ओळ लिहू नका, एकदा माझं एक अख्खं पुस्तक भाऊबंदकीत अडकलं, दोन भावांचं प्रकरण तिसऱ्याच्या बाजूने कसं लिहिलं यावरून, आणि माझे पैसे गेले.
लाज वाटते का? सुरुवातीला वाटायची. आता हप्ता भरताना नाही वाटत.
आणि ते वर्षाला दोन पुस्तकं वगैरे, नोकरी सोडल्यावर पहिल्या वर्षी माझं अर्धंसुद्धा लिहून झालं नाही. दिवस मोकळा मिळाला की गठ्ठे बांधण्यात, प्रेसला फोन करण्यात आणि पैशाची काळजी करण्यात जातो.

हिशेबवही
भांडुपवाले, तुमचा हिशोब बरोबर आहे पण अर्धा आहे. ७५ रुपये प्रत हा दर तुम्हाला हजाराची आवृत्ती काढल्यावर मिळतो ना, म्हणजे दर वेळी ७५ हजार आधी प्रेसला, आणि ते वर्षभरात थोडे थोडे परत येणार. तीन पुस्तकांचा साठा सतत हातात ठेवायचा तर दीड-दोन लाख कायम कागदात अडकलेले. तो नफा नाही, ते तुमच्या पलंगाखाली आहेत.
टॅक्सचं, लोक उगाच गोंधळ घालतात. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य, नुसती छापील पुस्तकंच विकणाऱ्याला नोंदणीही लागत नाही. ईबुकचं वेगळं आहे, तिथे टॅक्स आहे. लेखकांना रॉयल्टीवर ३ लाखांपर्यंत वजावट मिळते ती, ८०क्यूक्यूबी वाली, फक्त जुन्या करपद्धतीत, आणि ती रॉयल्टीवर आहे, तुम्ही स्वतः पुस्तक विकून कमावलेला पैसा धंद्याचं उत्पन्न धरला जातो. सीएला आधीच विचारा, ऐन रिटर्न भरायच्या वेळी नाही.
पोस्टाची ज्ञान पोस्ट सेवा बघितली का? मे २०२५ पासून आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये अधिक कर, जमिनीवरून जातं म्हणून हळू. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी आहे, तुमची रहस्यकथा यातल्या कशात बसते ते काउंटरवर विचारा 😄

काउंटरच्या_पलीकडून
दादरला पुस्तकाच्या दुकानात सतरा वर्षं उभा आहे. स्वतः छापणाऱ्यांची पुस्तकं आम्ही दुरून ओळखतो. कण्यावर नाव नसतं, त्यामुळे रॅकला उभं लावलं की पुस्तक गायब. मागे चार-पाच पानं कोरी, कारण फर्मा, म्हणजे छापून घडी घातलेला मोठा कागद, १६ पानांचा असतो हे डीटीपीवाल्याने सांगितलेलं नसतं. अहो, तिथे तुमच्या आधीच्या दोन पुस्तकांची जाहिरात टाका की, पान फुकट आहे! गिऱ्हाईक तिसरं वाचून पहिलं मागायला येतं, मी रोज बघतो, आणि पहिलं संपलेलं असतं.
आणि लायब्ररीवाले मार्चमध्ये अनुदान संपवायला येतात, तेव्हा प्रत हजर पाहिजे. मे महिन्यात माल घेऊन येऊ नका. उधारीबद्दल काही बोलत नाही, आमच्या मालकाचं मीठ खातो.

भांडुपवाला
सगळ्यांचे आभार, कटिंगसाहेबांचेसुद्धा. साठ्याचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता, काल रात्री पलंगाखालचे गठ्ठे मोजले तर साडेनऊशे प्रती निघाल्या. एका गठ्ठ्याला गेल्या पावसाळ्यातली ओल लागलीये, वरच्या सहा प्रतींची पानं लाटांसारखी झालीत. पहिल्या पुस्तकाच्या मात्र फक्त अकरा उरल्यात, म्हणजे काउंटरवाले दादा म्हणतात तेच, आणि मी वेड्यासारखं तिसरं परत छापायला दिलं होतं. सकाळी प्रेसला फोन करून थांबवलं.
राजीनामा तूर्त नाही. पण शाईपेन ताई, आमच्या बिल्डिंगमध्ये बेस्टमधून रिटायर झालेले एक काका आहेत, दोन वर्षं मागे लागलेत की माझ्यावर पुस्तक लिही म्हणून, मी त्यांना बघून लिफ्ट सोडून जिन्याने जायचो. आज खाली भेटले तर मीच विचारलं, काका साधारण किती पानं होतील. म्हणाले, वडाळा डेपोपर्यंतच चारशे.