मदत हवी आहे: ल्युकेमियात डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव

नमस्कार मंडळी. बाबांना (वय 58) एएमएल, म्हणजे ल्युकेमियाचा (रक्ताच्या कॅन्सरचा) एक प्रकार, आहे. पहिल्या केमोत प्लेटलेट 9,000 पर्यंत उतरल्या. एका सकाळी म्हणाले, "उजव्या डोळ्यापुढं काळा ठिपका आलाय, पेपरातली अक्षरं मधूनच गायब होतात." आम्हाला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. दोन दिवस त्यातच गेले, त्याची रुखरुख आहेच.

थेंब घालून पडदा तपासला तर मॅक्युलापाशी, म्हणजे ऐन मध्यावर, रक्त साचलेलं. डोळ्याच्या नसेला सूज नाही, कॅन्सरच्या पेशी तिथं शिरल्याची खूण सध्या तरी नाही म्हणे. प्लेटलेट चढवल्या. डोळ्यासाठी वेगळं औषध नाही, रक्त हळूहळू शोषलं जाईल, असं सांगितलंय.

तीन आठवडे झाले. काळा ठिपका करडा झालाय, पण अक्षर अजून लागत नाही.

कुणाच्या घरी असं झालंय का? नजर परत यायला किती दिवस लागले? केमोच्या पुढच्या फेरीत सायटाराबिन या औषधाचा मोठा डोस आहे. त्यात डोळे लाल होऊन चुरचुरतात म्हणून स्टेरॉइडचे थेंब देतात. ते रात्री झोपेतून उठवूनही घालत होता का? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण ज्यांनी हे घरी निभावलंय त्यांचंही ऐकायचंय.