जकार्ड डिझाइन्सची हार्ड डिस्क उघडत नाही. फॉरमॅट न करता डेटा कसा काढावा?

ताणाबाणा, अक्कलकोट रोड

नमस्कार. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा चादरी आणि टॉवेलांची जकार्ड डिझाइन्स (मागावर ताण्याचे ठरावीक धागे उचलून विणायची नक्षी) करून देण्याचा व्यवसाय आहे. वडिलांनी ग्राफ कागदावर काढलेली डिझाइन्स स्कॅन करून, आणि नंतरची थेट संगणकावर तयार करून, आम्ही एकाच १ टीबीच्या हार्ड डिस्कवर ठेवली होती. गेल्या आठवड्यात काम चालू असताना वीज वारंवार जात-येत राहिली. तेव्हापासून ड्राइव्हचे अक्षर दिसते, पण उघडायला गेल्यास विंडोज फॉरमॅट करायला सांगते. डिस्क फिरते, टकटक आवाज येत नाही, मात्र ती जोडलेली असली की संगणक बराच वेळ अडकून बसतो. एका दुकानदाराने चेकडिस्क (विंडोजमधील डिस्क तपासून दुरुस्त करण्याची सोय) चालवून पाहू म्हटले, तर दुसऱ्याने खालची सर्किट प्लेट बदलण्याचा सल्ला दिला. मी दोघांनाही थांबवले आहे. यांपैकी काय करणे योग्य ठरेल?

नवीपेठकर

दोन्ही करू नका, आणि फॉरमॅटला चुकूनही होकार देऊ नका. चेकडिस्कचे काम फाइल सिस्टिम सुसंगत करणे हे आहे, तुमच्या फाइल वाचवणे हे नव्हे. ज्या नोंदींचा मेळ लागत नाही त्या ते काढून टाकते किंवा बदलते, आणि हे सारे लेखन आजारी डिस्कवरच होते. प्लेटबद्दल सांगायचे, तर अलीकडच्या बहुतेक डिस्कच्या प्लेटवरील रॉममध्ये त्याच डिस्कच्या हेडना (डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकांना) जुळवलेली मूल्ये असतात, त्यामुळे त्याच मॉडेलची दुसरी प्लेट नुसती बसवून भागत नाही. शिवाय तुमची डिस्क फिरते आहे आणि ओळखलीही जाते आहे, म्हणजे संशय प्लेटवर घेण्याचे कारण दिसत नाही.

क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकदाच पाहून ०५, सी५ आणि सी६ या ओळींतील (खराब सेक्टरांच्या, म्हणजे डिस्कवरील डेटाच्या छोट्या कप्प्यांच्या, मोजणीचे) आकडे इथे कळवा, आणि लगेच डिस्क बंद करा.

ताणाबाणा, अक्कलकोट रोड

०५ शून्य आहे. सी५ आणि सी६ दोन्ही शंभराच्या वर आहेत.

नवीपेठकर

सी५ म्हणजे वाचता न आलेले, निकाल बाकी असलेले सेक्टर. लिहिणे चालू असताना वीज गेली तरी असे सेक्टर तयार होतात आणि पृष्ठभाग किंवा हेड खराब होत असले तरीही होतात; बाहेरून यांतला फरक कळत नाही, म्हणून वाईट शक्यता धरूनच चालावे. अशा डिस्कवर रिकव्हरी सॉफ्टवेअर थेट चालवले, तर ते खराब जागेवर पुन्हा पुन्हा धडका देत राहते आणि हेडमध्ये जो काही जीव उरला आहे तो तिथेच संपतो. म्हणून आधी संपूर्ण डिस्कची सेक्टरनिहाय प्रत घ्यायची आणि फाइलींचा शोध त्या प्रतीवर करायचा.

यासाठी लिनक्सवरचे जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. ते आधी चांगला भाग भराभर उचलते, अडखळणारी जागा ओलांडून पुढे जाते आणि कोणता सेक्टर मिळाला, कोणता राहिला याची नोंद मॅपफाइलमध्ये ठेवते, त्यामुळे मध्येच थांबवूनही काम पुढे सुरू करता येते. पहिल्या फेरीत खरवडण्याचा (अडखळलेल्या जागेतील एकेक सेक्टर वाचून पाहण्याचा) टप्पा बंद ठेवा. डिस्क यूएसबी डबीऐवजी थेट साटा केबलने जोडा. नवी डिस्क तेवढ्याच किंवा अधिक क्षमतेची हवी. आदेशात आधी जुनी डिस्क आणि नंतर नवी, हा क्रम एंटर दाबण्यापूर्वी दोघांनी वाचून घ्या, कारण तो उलटला तर जुन्या डिस्कवर कोरा डेटा लिहिला जाईल. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद खोलीत डिस्क फार तापते, तेव्हा तिच्यावर पंख्याचा वारा राहू द्या आणि संगणक यूपीएसवर चालवा. टकटक सुरू झाली, तर त्याच क्षणी वीज बंद करा.

ताणाबाणा, अक्कलकोट रोड

आपण सांगितल्याप्रमाणे केले. बहुतांश भाग उतरला, पण शेवटाकडे टकटक ऐकू आली आणि मी डिस्क बंद केली. मॅपफाइल जपून ठेवली आहे. आता उरलेल्यासाठी पुन्हा प्रयत्न करावा का?

नवीपेठकर

नाही. टकटक याचा अर्थ हेडला आपली जागा सापडत नाही, आणि ते बदलण्याचे काम धूळविरहित कक्षातच व्हायला हवे. साध्या टेबलावर झाकण उघडणाऱ्याकडे डिस्क देऊ नका. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा उपायही कोणी सांगेल. त्याने आत दव साचते, एवढे लक्षात असू द्या.

दरम्यान प्रतीचीच आणखी एक प्रत करून तिच्यावर टेस्टडिस्क हे बिघडलेल्या डिस्कवरील फाइल शोधणारे सॉफ्टवेअर चालवा आणि फोल्डरांची यादी दिसते का ते पाहा. दिसली, तर मूळ नावांसह फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. यादी मिळालीच नाही तर फाइल तिच्या आतल्या खुणांवरून ओळखणारे फोटोरेक आहे, परंतु त्यात नावे आणि फोल्डर जातात. हजारो बीएमपी फाइल एकेक उघडून ओळखाव्या लागतील. प्रत्येक महत्त्वाची फाइल उघडून पाहा, कारण न उतरलेल्या सेक्टरच्या जागी कोरा डेटा असतो आणि फाइलचा आकार मात्र बरोबरच दिसतो.

पूर्वभागातील कारखानदार

डिस्कबाहेर काय शिल्लक आहे तेही मोजा. तुमची डिझाइन्स ज्या मागांवर चालली, तिथे नक्षीसाठी छिद्रे पाडलेल्या कार्डांचे संच माळ्यावर बांधून ठेवलेले असतील. कार्डावरचे प्रत्येक छिद्र म्हणजे उचललेला ताणा, त्यामुळे संच क्रमाने स्कॅन केल्यास डिझाइन परत बांधता येते. इलेक्ट्रॉनिक जकार्ड असलेल्या कारखान्यांत कंट्रोलरच्या मेमरीत किंवा त्यांच्या पेनड्राइव्हवर फाइल सापडेल. गिऱ्हाइकांना मंजुरीसाठी पाठवलेले ईमेलही तपासा. एवढे करून जी डिझाइन्स कुठेच मिळणार नाहीत, त्यांची यादी करा आणि तेवढ्यांसाठी धूळविरहित कक्ष असलेल्या डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेचा खर्च परवडतो का ते ठरवा. वडिलांचे मूळ ग्राफ कागद घरी असतील, तर त्यांचा स्कॅन आजच सुरू करावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे.