ऑक्झिलरी युनिट्स: प्रतिकार चळवळ की 2 आठवड्यांच्या तुकड्या?

रानवाट: कालच्या धाग्यात कुणीतरी ठोकून दिलंय की 1940 मध्ये जर्मन ब्रिटनमध्ये उतरले असते, तर खेड्यांतल्या ऑक्झिलरी युनिट्सनी, म्हणजे ब्रिटिशांच्या गुप्त तुकड्यांनी, वर्षानुवर्षं भूमिगत लढा दिला असता. साफ चूक. ब्रिटिश लष्करी अधिकारी कॉलिन गबिन्स यांनी उभारलेल्या या तुकड्यांत 4 ते 8 माणसं आणि शिधा जेमतेम 2 आठवड्यांचा. आपलं सैन्य समोरून लढत असताना शत्रूच्या पिछाडीला त्याचे साठे, रेल्वे, विमानं निकामी करायची, एवढंच काम. ती माणसं शिधा संपेपर्यंत तरी जगतील, अशी आशा वरिष्ठांनाही फारशी नव्हती.

शिवारातला: शिधा मोजून हेतू ठरवता? शेतकरी, जंगलराखे, चोरून शिकार करणारे, अंधारात प्रत्येक बांध ओळखणारी माणसं निवडली होती. घरी बायकोलाही सांगायचं नाही. कोल्सहिल या प्रशिक्षण केंद्रात जाणाऱ्याने आधी जवळच्या हायवर्थ गावच्या पोस्टात तिथल्या पोस्टमास्तरीण मेबल स्ट्रँक्स बाईंना गाठायचं. त्या फोनवरून खातरजमा करत, मगच पुढे गाडी. गाव लढायला उभं राहिलं म्हणजे आणखी काय?

रानवाट: गाव नाही, गावातले सहा जण. साताऱ्याचं प्रतिसरकार त्याच काळातलं. भाकरी, निरोप, लपायला जागा गाव देत होतं, म्हणून ते टिकलं. ब्रिटनमध्ये मात्र गावाला कळलं की तुकडी संपली.

भुयारी: या तुकड्या जमिनीखालच्या गुप्त तळघरांत लपून राहणार होत्या, आणि तळघर खणलं की लपता येतं, असं दोघंही धरून चाललाय. नालीदार पोलादी पत्र्याची कमान, दोन्ही टोकांना भिंत, एकीकडे वजनाच्या तोलावर उचलली जाणारी झडप, दुसरीकडे निसटायला काँक्रीटच्या नळ्यांचं भुयार. झडपेवर माती-पालापाचोळ्याचा थर हवा, आणि तो भोवतालच्या जमिनीसारखाच दिसला पाहिजे. खालची माती वेगळ्या रंगाची निघते. चुनखडीच्या भागात तर पांढरीफटक. ती रातोरात लांब नेली नाही, तर विमानातूनही दिसते. हवेच्या नळ्या दोन: आत येणारी खाली, बाहेर जाणारी वर. पानं अडकून एक तुंबली, की कंदील आणि स्टोव्ह मिळून सगळ्यांचं डोकं धरतं. श्वासातली वाफ थंड पत्र्यावर जमून टपकते, घोंगड्या भिजतात, काडेपेट्या सादळतात. थंडीत वरच्या नळीतून निघणारी वाफ तर जागाच सांगते.

शिवारातला: म्हणजे ओल होती म्हणून त्यांचं धैर्य खोटं?

भुयारी: धैर्याचा विषय मी काढलाच नाही, माझ्या तोंडी घालू नका! शिधा वाढवला असता तरी त्या जागेत महिनोन्‌महिने राहून रोज रात्री बाहेर पडणं जमलं नसतं. पायवाट पडतेच.

इतिहासवेडी: तुम्ही ऑक्झिलरी युनिट्सचीच हेरगिरी करणारी स्पेशल ड्यूटीज शाखा विसरताय. ते खरे नागरिक: बायका, पाद्री, डॉक्टर. शत्रूची हालचाल टिपायची, चिठ्ठी ठरलेल्या जागी लपवायची. काही ठिकाणी चिरलेल्या टेनिस चेंडूत घालून नळीतून सोडायची, की थेट लपवलेल्या वायरलेसपाशी.

रानवाट: बरं, त्या शाखेपुरता ‘नागरी’ शब्द मान्य. ‘वर्षानुवर्षं’ मात्र नाही. वायरलेसची जागा ठरलेली, रोज तिथूनच बोलायचं. दिशाशोधक यंत्रं घेऊन फिरणारा शत्रू किती दिवस लावेल?

इतिहासवेडी: फार नाही. पण सैन्याला उतरलेल्या तुकड्यांची खबर पहिल्या काही दिवसांतच हवी होती.