रोड रॅश, कमांडोज, कॉन्ट्राचे खरे मानसपुत्र कोणते? (4 जीबी रॅमचा लॅपटॉप)

तापीकाठ, भुसावळ

राम राम मंडळी. रोड रॅश, कमांडोज, एज ऑफ एम्पायर्स आणि कॅसेटवाला कॉन्ट्रा, या चौघांच्या वळणाच्या नव्या गेम हव्यात. पुढचा भाग नको, रीमास्टर (जुनीच गेम नव्या चित्रांत) नको. नाव वेगळं पण रक्त तेच, असं काही. लॅपटॉप: आय5-5200यू, रॅमची 4 जीबीची एकच पट्टी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, बॅटरी मेलेली. त्यात मे महिना. काय चालेल आणि काय घेऊन पस्तावा होईल, तेवढं सांगा. आणि जो तो स्वतःला ‘स्पिरिच्युअल सक्सेसर’ म्हणवतो, त्यातला खरा ओळखायचा कसा?

पांझरा, धुळे

मानसपुत्र म्हणा ना भो, आपला चांगला शब्द आहे.

भानगड बहुतेक वेळा सातबाऱ्याची असते. गेमच्या नावाचा सातबारा कंपनीकडे आणि कसणारा दुसराच. 1988 ची वेस्टलँड इंटरप्लेने बनवली, नाव मात्र इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे राहिलं. म्हणून 1997 ला त्याच मातीतून फॉलआउट उगवली. हार्वेस्ट मून या शेतीच्या गेमचं तर आणखी गमतीचं. 2015 पासून मूळ जपानी मालिका इंग्रजीत ‘स्टोरी ऑफ सीझन्स’ नावाने येते, कारण ‘हार्वेस्ट मून’ हे नाव नात्सुमे कंपनीने स्वतःकडे ठेवलं आणि त्या नावाने वेगळ्याच गेम काढल्या. म्हणजे नाव बघून घ्याल तर फसाल.

कसणारा तोच आहे म्हणून पीक येईलच असंही नाही. मायटी नं. 9 बघा. मेगा मॅन या गेममालिकेवर वर्षानुवर्षं काम केलेले केइजी इनाफुने, 2013 ला किकस्टार्टर या साइटवर लोकांकडून 38 लाख डॉलरच्या वर वर्गणी, आणि 2016 ला गेम आली ती फुसकी.

म्हणून ट्रेलरमधली चित्रं बघू नका. एकच बघा: चुकलं की काय भरावं लागतं? कॉन्ट्रात एक गोळी म्हणजे एक जीव. रोड रॅशमध्ये पोलिसाने धरलं की दंड, गाडी मोडली की दुरुस्तीचा खर्च. कमांडोजमध्ये एक प्रेत उघड्यावर राहिलं की भोंगा. तो हिशोब नव्या गेममध्ये उतरला असेल तर वारस, नाहीतर नुसता तोंडवळा.

गिरणा_1998, चाळीसगाव

कमांडोजसाठी डोळे झाकून शॅडो टॅक्टिक्स: ब्लेड्स ऑफ द शोगन. 2016 ची, म्युनिकच्या मिमिमी स्टुडिओची. काळ 1615 चा जपान, पण हाडं कमांडोजचीच.

शत्रूच्या नजरेचा पट्टा घ्या. कमांडोजमध्ये जवळचा भाग फिकट हिरवा आणि लांबचा गडद. गडद भागातून सरपटत गेलं तर दिसायचं नाही. इथे जवळचा भाग भरीव, लांबचा रेघारेघांचा. रेघांतून वाकून गेलात तर सुटलात, उभे राहिलात तर गेलात.

माणसंही जोडीला जोडी लागतात. कमांडोजमधल्या ग्रीन बेरेटच्या पीं-पीं डबीच्या जागी इथल्या युकीची बासरी: आधी सापळा लावायचा, मग वाजवायचं, पहारेकरी चालत येऊन स्वतःच अडकतो. हेराने वाळत घातलेला गणवेश उचलावा तसा आयको नकाशात कुठेतरी ठेवलेला वेष उचलते. नेमबाजाच्या मोजक्या गोळ्या म्हाताऱ्या ताकुमाकडे.

नवीन माणूस अडकतो तो तीन ठिकाणी. एक, गवती टोपीवाला पहारेकरी. आपल्यातल्या मुगेन या सामुराईची साकेची (जपानी दारूची) बाटली बघून साधा पहारेकरी जागा सोडतो, हा सोडत नाही. दोन, शत्रूचा सामुराई. त्याला आयकोचा वेष कळतो, आणि मुगेन सोडून कोणाच्या तलवारीने तो मरत नाही. दुसरा कोणी असेल तर आधी बंदुकीने लोळवायचा आणि उठायच्या आत जवळ जाऊन संपवायचा. तीन, बर्फ. पावलं उमटतात आणि पहारेकरी माग काढत येतो. याचाच उलटा उपयोग करा: मुद्दाम पावलं उमटवून त्याला झुडपापर्यंत आणा.

एकाच क्षणी दोघांना मारायचं असेल तर शॅडो मोड. प्रत्येकाला एकेक काम नेमून ठेवायचं आणि एका बटणावर सगळं सुरू करायचं. पडद्यावर शेवटच्या सेव्हला किती वेळ झाला ते दिसतं. ते लाज वाटून घ्यायला नाही, सेव्ह करायला आहे. एका मोहिमेत शंभर वेळा केलं तरी चालतं.

तुमच्या लॅपटॉपवर 1280×720, सावल्या बंद, बाकी सगळं सर्वात खाली ठेवून बघा. मोठ्या नकाशात कॅमेरा फिरवताना अडखळेल, पण इथे वेगाची गरज नसते. स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानातून घेतली तर 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळून पैसे परत मागता येतात. म्हणून पहिली मोहीम लगेच खेळून बघा, घेऊन ठेवून देऊ नका.

डबलबार, जळगाव

रोड रॅश → रोड रिडेम्प्शन (2017). हाणामारी दणकेबाज आहे. हेल्मेटवाल्यावर तलवार वाया घालवू नका, आधी पाइप किंवा हातोड्यासारख्या बोथट हत्याराने हेल्मेट उडवा. पण पांझरा भाऊंच्या कसोटीला ती अर्धीच उतरते. रोड रॅशमध्ये पैसे साठवून पुढची बाइक घेत चढत जायचं. इथे मेलात की पूर्ण फेरी पहिल्यापासून, हाती उरतात फक्त अनुभवाच्या गुणांतून घेतलेल्या कायमच्या सुधारणा. पहिल्या आठ-दहा फेऱ्या हरण्यासाठीच आहेत असं धरून चला. शिवाय ही थ्रीडी आहे, तुमच्या मशीनवर दमेल.

कॉन्ट्रा → ब्लेझिंग क्रोम (2019, ब्राझीलचा जॉयमॅशर). टूडी आहे, चालेल. एका गोळीत जीव जातो, दोघं एकत्र खेळता येतं. कॉन्ट्रातल्या तीस जीववाल्या कोडची सवय असेल तर सरळ इझीवर सुरू करा.

दोघांनी एकाच कीबोर्डवर खेळू नका. स्वस्त कीबोर्ड एका वेळी काही ठरावीकच बटणं ओळखतो. एकाने उडी आणि गोळी दाबली की दुसऱ्याचं बटण गिळलं जातं आणि भांडण होतं. यूएसबी गेमपॅड घ्या, पण घेताना ‘एक्सइनपुट’ (नव्या गेमना कळणारी पॅडची पद्धत) आहे का विचारा. नुसता जुन्या पद्धतीचा ‘डायरेक्टइनपुट’ पॅड विंडोजला दिसतो, बऱ्याच गेमला दिसत नाही. तसाच आणून बसला असाल तर स्टीमच्या कंट्रोलर सेटिंगमधून स्टीम इनपुट चालू करा.

पांझरा, धुळे

एज ऑफ एम्पायर्ससाठी 0 ए.डी. फुकट, मुक्तस्रोत, आणि त्यात मौर्यही आहेत. त्यांचा कामाचा हत्ती म्हणजे चालतंफिरतं कोठार. लाकूडतोड्यांच्या शेजारी उभा करा, परत फेऱ्या मारायला नकोत.

सवय एकच मोडावी लागते: इथे पायदळ शेतीही करतं आणि लाकूडही तोडतं. सैनिक रिकामे उभे ठेवाल तर मागे पडाल.

गेम लांबली की शेकडो माणसांच्या वाटा शोधताना प्रोसेसर दमतो, ग्राफिक्स नाही. म्हणून लहान नकाशा, प्रत्येकी लोकसंख्या 100, दोन किंवा तीन खेळाडू.

आता लॅपटॉप. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली स्लॉट दोन दिसतात का बघा. दिसले तर 4 जीबीची दुसरी पट्टी टाका: डीडीआर3एल, 1.35 व्होल्टची. जुनी 1.5 व्होल्टवाली या प्रोसेसरला चालत नाही. ऑनबोर्ड ग्राफिक्स रॅममधूनच खातं. दोन पट्ट्यांनी त्याचा रस्ता दुपदरी होतो, फरक लगेच जाणवतो.

उन्हासाठी: पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ 99 टक्के करा. टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होऊन वेग 2.2 गिगाहर्ट्झच्या वर जात नाही, मशीन थंड राहतं. फ्रेम सेकंदाला 30 वर बांधा. आधी मात्र पंख्याच्या जाळीतला कापूस काढा.

तापीकाठ, भुसावळ

पट्टी बघतो. पण बॅटरी नाही आणि लाईट कधीही जाते. त्यात टिकेल अशी एखादी?

केळीवाला, रावेर

स्टारड्यू व्हॅली. हार्वेस्ट मूनचा मानसपुत्र, 2016 ला एरिक बॅरोन या एकट्या माणसाने केलेला. 2 जीबी रॅम पुरते. गेममधला माणूस झोपल्यावरच सेव्ह होतं, पण आतला दिवस साधारण 14 मिनिटांचा. म्हणजे लाईट गेली तर तेवढंच जाईल. महिना 28 दिवसांचा, ऋतू पालटला की हंगामी पीक उभ्या उभ्या मरतं. 12 दिवसांचा फ्लॉवर 17 तारखेला लावला तर हाती काही नाही.

केळीही आहे, 2020 च्या आवृत्तीपासून. 28 दिवसांत झाड तयार, मग हंगामात रोज एक केळं. घड नाही, मृगबाग-कांदेबाग हे लागवडीचे हंगाम नाहीत, कंद तर नाहीच. रावेरात दाखवू नका.