‘टेंपरन्स’ म्हणजे ‘दारूबंदी’ का?

प्रश्न : एकोणिसाव्या शतकातील ख्रिस्ती ‘टेंपरन्स सोसायट्यां’चा उल्लेख मराठीत ‘दारूबंदी मंडळे’ असा करणे योग्य आहे का?

उत्तर : माझ्या मते सरसकट नाही. बंदी बाहेरून लादली जाते; या मंडळांचा भर आरंभी सभासदाने स्वतः करायच्या प्रतिज्ञेवर होता. शिवाय ‘टेंपरन्स’ म्हणजे मुळात मिताचार, ख्रिस्ती परंपरेतील चार प्रमुख सद्गुणांपैकी एक. बॉस्टन येथे १८२६ साली स्थापन झालेल्या अमेरिकन टेंपरन्स सोसायटीचा रोख सुरुवातीला ऊर्ध्वपातनाने काढलेल्या कडक दारूवर होता; बिअर आणि वाइन यांकडे तेव्हा बरीच डोळेझाक होत असे.

अर्थ पालटला तो इंग्लंडमधील प्रेस्टन येथे. तेथे १८३२ मध्ये जोसेफ लाइव्हसी आणि त्यांच्या सहा सोबत्यांनी कोणतेही मादक पेय न घेण्याची प्रतिज्ञा केली आणि पुढल्याच वर्षी रिचर्ड टर्नर या कार्यकर्त्याने एका भाषणात ‘टीटोटल’ (मद्य पूर्णपणे वर्ज्य करणारा) हा शब्द वापरला. त्यातला ‘टी’ चहाचा नव्हे. टर्नर तोतरे होते म्हणून तो उमटला, असे काहीजण सांगतात. मला मात्र ‘टोटल’ (संपूर्ण) या शब्दाचे आद्याक्षर दुणावून अर्थाला जोर देण्याचाच हा प्रकार वाटतो, जसा आपल्या ‘काळाकुट्ट’ किंवा ‘कोराकरकरीत’मध्ये दिसतो. या टप्प्याला ‘मद्यत्याग’ हा शब्द चपखल बसतो. आयर्लंडमधील कॉर्क येथे १८३८ पासून फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी लाखो लोकांकडून करवून घेतली, ती प्रतिज्ञाही मद्यत्यागाचीच.

‘दारूबंदी’ हा शब्द त्यानंतरच्या टप्प्यासाठी राखावा. १८९३ साली ओहायोत सुरू झालेल्या अँटी-सलून लीगला (‘सलून’ म्हणजे येथे दारूचा गुत्ता) चर्चचे पाठबळ होते, पण तिची मागणी कायद्याची होती, आणि अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात जी अमलात होती ती खरोखर बंदीच.

प्रतिसाद : आणखी एक अडचण. मराठी बायबलमध्ये ‘वाइन’साठी ‘द्राक्षारस’ हा शब्द रूढ आहे. मेथडिस्ट पंथाचे थॉमस वेल्च यांनी १८६९ मध्ये प्रभुभोजनासाठी (भाकर आणि वाइन घेण्याचा चर्चमधील विधी) न आंबवलेला द्राक्षांचा रस तयार केला, हे वाक्य मराठीत आणताना ‘न आंबवलेला’ हे विशेषण गाळले, तर त्यांनी नेमके काय बदलले हेच वाचकाला कळणार नाही.