साहेब बोलतोय! : नाशिककरांचे फोनवरचे उद्योग

पुढाऱ्यांचे आवाज काढणारा एक तरी मित्र प्रत्येकाला असतो. गॅदरिंगला टाळ्या पडल्या की त्याचा हात फोनकडे वळतोच. केलेले, अंगाशी आलेले, सगळे किस्से येऊ द्या. सुरुवात माझ्यापासून.

डिसेंबर 2010. कांद्याची निर्यात थांबवलेली, शरद पवार केंद्रात कृषिमंत्री आणि आमचे मामा निफाडचे. कॉलेज रोडच्या खोलीवरून मित्राच्या मोबाइलने फोन लावला. पवारांचा आवाज काढायचा तर ओठ फार हलवायचे नाहीत, शब्द अर्धे गिळायचे. "पाटील... कांद्याचं काय म्हणताय?" एवढंच बोललो. मामा जे सुटले! लासलगावचा भाव, मजुरी, औषधांची उधारी, रात्रीची लाइट. तोंडात उशी कोंबून हसणारी पोरं हळूहळू गप्प झाली. शेवटी "बघतो" म्हणून ठेवला. दुसऱ्या दिवशी मामांनी गावभर सांगितलं, साहेबांचा फोन होता. अजून खरं सांगायची हिंमत झालेली नाही.

---

आमच्या वेळी नंबर दिसायची भानगड नव्हती. 95 साल, युतीचं सरकार नुकतंच आलेलं. सीबीएस बसस्टँडजवळचा रुपया टाकायचा फोनचा डबा आणि बाळासाहेबांचा आवाज. घरमालकीण काकूंना वरच्या मजल्यावरून बोलावून आणेपर्यंतच वेळ संपत आला. "जमलेल्या माझ्या तमाम..." म्हणतोय तोच फोन कट. खिशात दुसरा रुपया नाही! रात्री काकू जिन्यात उभ्या. "काय रे, बाळासाहेबांकडे सुट्टे नव्हते का?"

---

मजा ठीक, पण फोनवर काम सांगितलं की प्रकरण गेलं. 2021 मध्ये पवारांच्या आवाजात थेट मंत्रालयात फोन गेला, तर पोलीस केस झाली. तोतयेगिरीला पूर्वी भारतीय दंड विधानाचं कलम 419 होतं, आता भारतीय न्याय संहितेचं 319. (वकील आहे, राहवत नाही.)

---

माझं उलटं. सातपूरला कंपनीत होतो. मित्र रोज कुणातरी पुढाऱ्याच्या आवाजात छळायचा. एकदा भर जेवणाच्या सुट्टीत फोन, "आमदार बोलतोय." म्हटलं, "आज आवाज नाही जमला रे, मिसळ तुझ्याकडून." पलीकडे शांतता. मग कुणाला तरी म्हणाले, "अहो, हे मिसळ मागतायत."

आमदार खरेच होते. भाच्याच्या नोकरीसाठी फोन केला होता.