दुसरी फिल्म कुठे रुतते? स्त्री दिग्दर्शक, राखीव निधी आणि स्वतंत्र सिनेमा (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

रफकट

स्त्री दिग्दर्शकांसाठी निधी राखून ठेवावा का, हा वाद निघाला की सगळे पहिल्या फिल्मवरच बोलतात. पहिली फिल्म होते हो. उसनवारी करून, मित्रमंडळींना राबवून, रडतखडत होते. गाडी रुतते दुसरीला.

बार्बरा लोडनने १९७० मध्ये 'वांडा' केली, १६ मिमीवर, बोटांवर मोजण्याइतक्या माणसांत. व्हेनिस महोत्सवात पारितोषिक मिळालं. १९८० मध्ये ती गेली, तेव्हा तिच्या नावावर पूर्ण लांबीची तेवढी एकच फिल्म होती. जूली डॅशच्या 'डॉटर्स ऑफ द डस्ट'ला १९९१ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात छायालेखनाचं पारितोषिक मिळालं, फिल्म थिएटरांत लागली, आणि पुढे बाईंचं काम मुख्यतः टीव्हीकडे गेलं. केली रायकार्टची 'रिव्हर ऑफ ग्रास' १९९४ ची आणि 'ओल्ड जॉय' २००६ ची. मध्ये छोटी कामं झाली, पण पूर्ण लांबीच्या दोन फिल्म्समध्ये १२ वर्षं गेली.

राखीव निधी, लॅब (पटकथा घडवायच्या कार्यशाळा), रेसिडेन्सी (राहून लिहायची सोय) यांच्या नियमांत बहुधा 'पहिली किंवा दुसरी फिल्म' असं लिहिलेलं असतं, आणि प्रत्यक्षात कल पहिलीकडेच असतो. नवं नाव शोधल्याचं श्रेय तिथे मिळतं. माझं म्हणणं: राखीव रकमेतला निम्मा वाटा दुसऱ्या-तिसऱ्या फिल्मला ठेवा आणि तो चित्रीकरणाला न देता लिखाणाच्या टप्प्यावर द्या. पहिली फिल्म महोत्सवांतून फिरते ते वर्ष-दीड वर्ष बाई विमानतळ आणि प्रश्नोत्तरांत घालवते. तिचं नाव चर्चेत असतं, पण हातात द्यायला पटकथा नसते. पटकथा तयार होईपर्यंत लोक नाव विसरलेले असतात.

तिसरी घंटा

असहमत. दुसरी फिल्म सगळ्यांनाच जड जाते, पुरुषांनाही. पहिलीत दहा वर्षांचं साठवलेलं असतं, दुसरीला ते दोन वर्षांत नव्याने उभं करायचं असतं. यात बाईपणाचा संबंध कुठे आला?

आणि राखीवच्या शिक्क्याचा तोटा व्यवहारात होतो. उदाहरण घ्या. मोठ्या महोत्सवांच्या स्पर्धा विभागांना जागतिक प्रीमियर, म्हणजे जगातला पहिला खेळ, लागतो, निदान देशाबाहेरचा पहिला खेळ तरी लागतो. नवी दिग्दर्शक आधी फक्त स्त्रियांच्या फिल्म्सच्या एखाद्या छोट्या महोत्सवाला हो म्हणते, कारण तिथून प्रेमाने बोलावणं आलेलं असतं. तो एक खेळ झाला की मोठी दारं बंद. मग सेल्स एजंट, म्हणजे फिल्म वितरकांना विकून देणारा, मिळत नाही, विक्री होत नाही, आणि दुसऱ्या फिल्मच्या वेळी दाखवायला आकडा नसतो.

पाचवं रीळ

ती चूक अर्जांचा क्रम न आखण्याची आहे, त्या महोत्सवाची नाही. फ्रान्समधला क्रेतेलचा स्त्री-दिग्दर्शकांचा महोत्सव १९७९ पासून चालू आहे. तिथे योग्य वेळी गेलं तर फायदाच होतो. आधी मोठ्यांची उत्तरं येऊ द्या, मग इतरांना हो म्हणा. अर्ज करण्याआधी प्रत्येकाचा प्रीमियरचा नियम एका तक्त्यात मांडायला अर्धा दिवस लागतो.

आणि 'सगळ्यांनाच जड जाते' हे ऐकायला बरं वाटतं. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या पायऱ्यांवर ८२ जणी उभ्या राहिल्या, कारण १९४६ पासून तिथे स्पर्धेत आलेल्या स्त्री दिग्दर्शकांचा आकडा तेवढाच होता. पुरुषांचा १,६८८. एवढा फरक दुसऱ्या फिल्मच्या दडपणाने पडत नाही.

स्वीडनच्या फिल्म संस्थेने ॲना सर्नर यांच्या काळात निधीवाटप निम्मं-निम्मं करायचं ठरवलं आणि काही वर्षांत ते गाठलंही. दर्जा घसरल्याची ओरड व्हायची ती झालीच. मला मात्र त्यापुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. त्याच संस्थेच्या नंतरच्या अहवालात दिसलं की संख्या सारखी झाली तरी स्त्रियांच्या फिल्म्सचं बजेट आणि प्रसिद्धीचा पैसा कमीच राहिला. तेव्हा रफकट, तुमची निम्म्या वाट्याची मागणी अपुरी आहे. फिल्म्स मोजू नका, रक्कम मोजा.

कॉलशीट

निधीवर भांडताय, भांडा. पण दुसऱ्या फिल्मपर्यंत पुष्कळ जणींचं वय तीस-पस्तिशीच्या पुढे गेलेलं असतं आणि घरी लहान मूल असतं. अडचण शेड्यूलमध्ये आहे, आणि शेड्यूल म्हणजे साधं गणित.

९० पानांची पटकथा, २२ दिवस, रोज चार पानांच्या थोडं वर. दिवस १२ तासांचा, त्यात जेवणाची सुट्टी एक तास. म्हणजे प्रत्यक्ष काम २४२ तास. दिग्दर्शकाचा दिवस १२ तासांवर संपतच नाही. जाणं-येणं आणि रात्री उद्याच्या शॉट्सवर छायालेखक आणि पहिल्या सहायक दिग्दर्शकाशी बैठक धरली की १५ होतात.

आता दिवस सलग १० तासांचा करा. मोठी सुट्टी नाही, जेवण पाळीपाळीने. २४२ तासांना २५ दिवस लागतील. तीन दिवस वाढले म्हणून निर्माता इथेच फाइल मिटतो. मिटू देऊ नका. लोकेशन १४ ची ९ करा. वीस माणसांचं युनिट एका जागेवरून दुसरीकडे हलवायला गाड्या, दिवे, केबल धरून दोन तास जातात. पाच हलवाहलवी वाचल्या, म्हणजे १० तास वाचले. राहिले २३२. मग पटकथेतली सहा पानं शूटिंगच्या आधी कापा. तशीही संकलनात जाणारच असतात. ९० ची ८४ झाली की तास साधारण २१७ वर येतात. २१७ तास म्हणजे १० तासांचे २२ दिवस. पुन्हा जागच्या जागी.

दुसरं, मूल सांभाळायच्या माणसाचा खर्च. तो दिग्दर्शकाच्या मानधनातून जाऊ नये. बजेटमध्ये कॅमेऱ्याच्या भाड्यासारखी त्याची स्वतंत्र ओळ हवी. आणि ती फक्त शूटिंगच्या चार-पाच आठवड्यांची धरतात, तिथे फसगत होते. तयारीचे सहा ते आठ आठवडे, संकलनाचे बारा ते वीस, मग साउंड आणि रंगसंस्कार. खरी ओढाताण संकलनात होते, कारण तोपर्यंत प्रॉडक्शनची टीम सुटलेली असते आणि फोन उचलायलाही कोणी नसतं. ही ओळ बजेटच्या पहिल्याच मसुद्यात घाला. नंतर ती आकस्मिक खर्चाच्या १० टक्क्यांतून काढू म्हणणारे शेवटच्या आठवड्यात हात वर करतात. पाऊस आणि बिघडलेली जनरेटर व्हॅन यांनी ते १० टक्के आधीच खाल्लेले असतात.

तिसरी घंटा

गणित सुबक आहे, पण पानं सारखी नसतात. संवादाची चार पानं अर्ध्या दिवसात होतात आणि 'जत्रेत मूल हरवतं' ही अर्धी ओळ दोन दिवस घेते. शिवाय पाळीपाळीने जेवण म्हणजे साउंडवाला आणि फोकस खेचणारा (कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणारा) उपाशी. या दोघांच्या जागी उभं राहायला लहान युनिटमध्ये कोणी नसतं. दहा तास सलग फोकस ओढणाऱ्याची चूक सेटवरच्या छोट्या मॉनिटरवर दिसत नाही, ती संकलनाच्या टेबलावर दिसते.

कॉलशीट

फोकसचं मान्य. त्या दोघांसाठी २० मिनिटं सगळं थांबवायचं, ते दिवसात धरूनच चालायचं. जत्रेचं म्हणाल तर ज्या दिवशी गर्दी, त्या दिवशी पान नाही, शॉट मोजायचे.

उजेडमापी

लोकेशन कमी करा, पानं कापा, युनिट लहान ठेवा. हा सल्ला बायकांनाच का मिळतो? शांताल अकरमनने १९७५ मध्ये 'जान दिएलमान' जवळजवळ एका फ्लॅटमध्ये केली. बाबेत माँगोल्तचा कॅमेरा तिपाईवर स्थिर, युनिटमध्ये बहुतेक स्त्रिया. २०२२ मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकाच्या सर्वोत्तम फिल्म्सच्या यादीत समीक्षकांनी तिला पहिलं स्थान दिलं आणि तेव्हापासून प्रत्येक निधी समितीला वाटतं की बाईला एक खोली आणि एक खिडकी पुरते. अकरमनचा तो निर्णय आशयातून आला होता. स्वयंपाकघरातला वेळ खऱ्या वेळाएवढा दाखवायचा तर कॅमेरा हलवून चालणार नव्हतं. कॉलशीट तेच काटकसर म्हणून सुचवतायत. पहिली फिल्म एका खोलीत केली की दुसरीलाही दोनच खोल्यांचं बजेट मिळतं, कारण 'तुम्हाला कमीत छान जमतं'.

दहा तासांचा दिवस हवाच. त्याची किंमत कथेकडून का वसूल करायची? तीन दिवसांचा जास्तीचा खर्च निधीने उचलावा. राखीव निधीचा एवढा तरी उपयोग व्हावा.

खातेवही

तीन दिवस काय, तीस दिवस मिळाले तरी करार असाच राहिला तर दुसऱ्या फिल्मला पैसा उरणार नाही. हिशोब बघा.

फिल्म १०० ला विकली. सेल्स एजंटचं कमिशन समजा २५, उरले ७५. महोत्सव, पोस्टर, बाजारातला स्टॉल यांचा खर्च तो आधी वळता करून घेतो. त्यावर मर्यादा ३० ची घातली असेल तर ४५ उरतात, मर्यादाच घातली नसेल तर विषय संपला. मग गुंतवणूकदार आपलं मुद्दल वर २० टक्के घेईपर्यंत रांगेत पहिला. दिग्दर्शकाने 'नंतर घेते' म्हणून सोडलेलं मानधन त्याच्याही मागे. छोट्या फिल्मची गंगा तिथपर्यंत वाहतच नाही. म्हणजे दोन वर्षं फुकट राबून झालं, आणि दुसरी पटकथा लिहायला आता नोकरी करा.

मागून घ्यायची तीन कलमं: उशिराचं मानधन गुंतवणूकदाराच्या मागे नको, त्याच्याच पायरीवर, प्रमाणात. विक्रीचा पैसा निर्मात्याच्या खात्यात न जाता तिऱ्हाईत वसुली खात्यात जमा व्हावा आणि तिथून वाटला जावा. आणि सगळ्यात घातक, 'पुढच्या फिल्मवर पहिला हक्क'. पहिल्या करारात हे वाक्य आनंदाने सही होतं, आपल्या पुढच्या कामावर विश्वास आहे असं वाटतं. पण मुदत लिहिलेली नसेल तर दुसरा निर्माता तुमच्या पटकथेला हात लावू शकत नाही आणि पहिला 'बघतो, कळवतो' म्हणत बसतो. पहिल्यांदा बोलणी करण्याचा हक्क ३० दिवसांचा लिहून द्या. दुसऱ्याची बोली जुळवून घेण्याचा शेवटचा हक्क तर पूर्ण खोडा.

हे बायकांनाच लागू आहे असं नाही, घंटाराव. पण मानधन सोडायची विनंती आधी कोणाला केली जाते, ते बजेटचे जुने मसुदे चाळून पाहा.

पाचवं रीळ

खातेवहींशी पूर्ण सहमत. याच्याच दुसऱ्या बाजूला निर्माता टिकणं येतं. रायकार्टचं उदाहरण रफकटनी अर्धंच दिलं. २००६ नंतर काय झालं? 'वेंडी अँड लूसी' २००८, 'मीक्स कटऑफ' २०१०, 'नाइट मूव्ह्ज' २०१३. 'ओल्ड जॉय' धरून चारही फिल्म्सना निर्मात्यांत नील कॉप आणि अनीश सावजानी, पटकथेत जॉन रेमंड, आणि संकलन तिचं स्वतःचं. बारा वर्षांचं अंतर दोन-तीनवर आलं, कारण प्रत्येक वेळी शून्यापासून माणसं जमवावी लागली नाहीत. पायल कपाडियांचंही तसंच. 'अ नाइट ऑफ नोइंग नथिंग'ला २०२१ मध्ये कानला माहितीपटाचं पारितोषिक, आणि २०२४ मध्ये 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला ग्रां प्री, म्हणजे तिथलं दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक. दोन्हींमागे फ्रान्समधली एकच निर्मिती संस्था, आणि दुसरीचं काम पहिली पडद्यावर यायच्या आधीपासून चालू होतं.

उजेडमापी

परदेशी संस्थेबरोबरच्या सहनिर्मितीचं कौतुक जपून. तिकडून येणाऱ्या पैशाला बहुधा अट असते की त्यातला काही भाग तिथेच खर्च करा. मग साउंड मिक्सिंग एका देशात, रंगसंस्कार दुसऱ्या, आणि दिग्दर्शक दोन महिने दोन शहरांत. कॉलशीटची मूल सांभाळायची ओळ त्या बजेटमध्ये कोण घालणार? प्रत्येक देशाच्या निधीची अर्जाची तारीख वेगळी. एक हुकली की साधारण चार ते सहा महिने थांबायचं, आणि तोवर आधी मिळालेल्या निधीची मुदत संपत येते.

रफकट

माझी मागणी बदलतो. निम्मा वाटा दुसऱ्या-तिसऱ्या फिल्मला, हे कायम. पण तो एकट्या दिग्दर्शकाला न देता दिग्दर्शक आणि निर्माता या जोडीला द्यायचा, पहिल्या फिल्मच्या प्रीमियरच्या आधी. तीन हप्ते: ट्रीटमेंटला (पटकथेआधीचा कथेचा सविस्तर आराखडा), पहिल्या मसुद्याला आणि तिसरा बजेट व शेड्यूल आल्यावर. बजेटमध्ये १० तासांचा दिवस आणि मूल सांभाळायची ओळ नसेल तर तिसरा हप्ता अडवायचा. म्हणजे उजेडमापींचे तीन दिवस कागदावर येतील, आणि पैसे कोण देणार यावर निदान बोलणं सुरू होईल.

तिसरी घंटा

राखीवला माझा विरोध तसाच आहे. पण जोडीला पैसे द्यायचेच असतील तर ते सगळ्यांना द्या. आणि जोडी फुटली तर? दोन हप्ते खर्च झाले, निर्माता म्हणतो पटकथा माझ्या कंपनीच्या नावावर. बाई पुन्हा बाहेर.

खातेवही

त्यासाठी परतीचं कलम. २४ महिन्यांत शूटिंग सुरू झालं नाही तर पटकथेचे सगळे हक्क लेखिकेकडे परत. निर्मात्याचा पावत्यांसह झालेला खर्च नव्या फिल्मच्या चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी नव्या बजेटमधून फेडायचा, बिनव्याजी. निधीचे हप्ते हा निर्मात्याचा खर्च धरायचा नाही, हे वेगळं लिहायचं. नाहीतर तो अनुदानाचेही पैसे परत मागतो. सही पहिल्या हप्त्याच्या आधी. आणि सहलेखक असेल तर त्याचीही, त्याच कागदावर.